बायबलचे अर्थविवरण आणि धर्मशिक्षकांची जबाबदारी

बायबलचे अर्थविवरण आणि धर्मशिक्षकांची जबाबदारी हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक जुना आणि सतत चर्चेत राहिलेला विषय आहे. पवित्र शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, सांगितलेल्या अर्थाबद्दल पाळक, धर्मगुरू व शिक्षक कोणाला उत्तरदायी असतात, आणि भाविकाने त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवावा, या तीन प्रश्नांचा त्यात समावेश होतो. बायबल अनेक शतकांत, हिब्रू, अरामी व ग्रीक या भाषांत लिहिले गेले. बहुसंख्य ख्रिस्ती लोक ते भाषांतरातून वाचतात किंवा केवळ ऐकतात. त्यामुळे मूळ ग्रंथ आणि श्रोता यांच्यामध्ये भाषांतरकार, शिक्षक व उपदेशक नेहमीच उभे असतात.

या प्रश्नावर सर्व ख्रिस्ती संप्रदायांचे एकमत नाही. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत अर्थनिर्णयाचा अंतिम अधिकार ख्रिस्तसभेकडे असतो. प्रोटेस्टंट परंपरेत बायबल हेच अंतिम प्रमाण मानले जाते आणि प्रत्येक शिकवण त्यावर पारखून घेण्याची मुभा भाविकाला असते. तरीही दोन गोष्टी बहुतेक सर्व संप्रदायांना मान्य आहेत. शिकवणाऱ्याचा न्याय सामान्य भाविकापेक्षा कठोर होतो, ही पहिली. आणि शिकवणाऱ्याचा अधिकार शास्त्राच्या वर नसून त्याच्या अधीन आहे, ही दुसरी.

संज्ञा

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत स्थानिक मंडळीच्या धार्मिक प्रमुखाला ‘पाळक’ म्हणतात. मेंढपाळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेल्या ‘पास्टर’ या पदनामाचा तो अनुवाद आहे. कॅथलिक समाजात ‘धर्मगुरू’ किंवा ‘फादर’ हे शब्द रूढ आहेत. नव्या करारात मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी वडील, अध्यक्ष व सेवक अशी वेगवेगळी पदनामे आढळतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक यांचा एकत्र उल्लेख आहे. मूळ ग्रीक वाक्यरचनेत ‘पाळक’ व ‘शिक्षक’ ही दोन नामे एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे ते एकच पद आहे की दोन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जॉन कॅल्व्हिन याने ही दोन पदे वेगळी मानली. जिनिव्हाच्या इ.स. १५४१च्या मंडळी-नियमावलीत पाळक, शिक्षक, वडील व सेवक अशी चार पदे ठरवण्यात आली होती.

शास्त्रवचनाचा अर्थ ठरवण्याच्या पद्धतींचा विचार करणाऱ्या शाखेला अर्थनिर्णयशास्त्र म्हणतात. प्रत्यक्ष उताऱ्याचे स्पष्टीकरण म्हणजे भाष्य किंवा टीका होय. उपासनेच्या वेळी श्रोत्यांना उद्देशून केलेले विवरण प्रवचन किंवा उपदेश या नावाने ओळखले जाते.

बायबलमधील आधार

जुना करार

जुन्या करारात नियमशास्त्र शिकवण्याचे काम मुख्यतः याजक व लेवी यांच्याकडे होते. मात्र घरात मुलांना आज्ञा शिकवण्याची जबाबदारी अनुवाद या पुस्तकात आईवडिलांवरही टाकलेली आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात सार्वजनिक अर्थविवरणाचे प्रसिद्ध वर्णन येते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक जेरुसलेममध्ये पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात, एज्रा शास्त्री नियमशास्त्राचे वाचन करतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून वाचलेल्याचा अर्थ समजावून देतात. वाचन आणि विवरण यांची जोडी पुढे यहुदी सभास्थानांत व तेथून ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली.

शिक्षकांवरील टीकाही जुन्या करारात तितकीच तीव्र आहे. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात कळपाऐवजी स्वतःचेच पोषण करणाऱ्या मेंढपाळांचा निषेध केला आहे. यिर्मयाने स्वतःच्या मनातले विचार देवाचे म्हणून सांगणाऱ्या संदेष्ट्यांना दोष दिला. मलाखीने याजकाच्या मुखी ज्ञान असले पाहिजे असे सांगून, त्याच्या चुकीच्या शिक्षणामुळे अनेक जण अडखळले असा ठपका ठेवला. पाळकांच्या उत्तरदायित्वाच्या चर्चेत आजही हे उतारे वारंवार आधाराला घेतले जातात.

नवा करार

नव्या करारात विश्वास आणि पारख या दोहोंना आधार देणारे उतारे आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात यशयाचे पुस्तक वाचत रथातून चाललेला हबशी अधिकारी फिलिप्पाला सांगतो, की कोणी मार्ग दाखवल्याशिवाय आपल्याला हे समजणार नाही. शिक्षकाची गरज दाखवण्यासाठी हा प्रसंग सांगितला जातो. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यास सांगितले आहे. त्याच वाक्यात या पुढाऱ्यांना लोकांच्या जिवांबद्दल हिशेब द्यावा लागणार आहे, असे कारणही दिलेले आहे.

दुसऱ्या बाजूला, कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया येथील यहुद्यांची प्रशंसा आहे. पौलाचे बोलणे त्यांनी उत्सुकतेने ऐकले, पण ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते रोज शास्त्र तपासत असत. प्रेषिताचे म्हणणेही पडताळून पाहणे हा येथे दोष मानलेला नसून गुण मानला आहे, याकडे भाष्यकार लक्ष वेधतात. गलतीकरांस पत्रात पौल त्याहून पुढे जातो: आपण स्वतः किंवा स्वर्गातील दूताने जरी निराळी सुवार्ता सांगितली तरी ती नाकारावी, असे तो बजावतो. त्याच पत्रात अंत्युखिया येथे त्याने पेत्राला तोंडावर दोष दिल्याचा उल्लेख आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्याची पारख करण्यास सांगितले आहे.

शिक्षकाच्या जबाबदारीचा सर्वांत थेट उल्लेख याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कठोर होईल, असे तेथे सांगितले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शिक्षणाचे श्रम करणाऱ्या वडिलांना दुप्पट सन्मान द्यावा असे म्हटले आहे. त्यांच्याविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नये, पण दोष सिद्ध झाल्यास सर्वांदेखत कानउघाडणी करावी, अशी दुहेरी तरतूदही त्यात आहे. चूक सुधारण्याचे सौम्य उदाहरण कृत्यांच्या अठराव्या अध्यायात मिळते. अपुल्लोस हा विद्वान वक्ता होता, परंतु त्याचे ज्ञान अपुरे होते. तेव्हा प्रिस्किल्ला व अक्विल्ला या पतिपत्नींनी त्याला आपल्याकडे नेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाच्या पत्रांतील काही भाग समजण्यास कठीण असून काही लोक त्यांचा विपर्यास करतात, अशी नोंद आहे. अर्थविवरणाची अडचण पहिल्या काही पिढ्यांतच जाणवू लागली होती, हे त्यावरून दिसते.

इतिहास

आरंभीची शतके

दुसऱ्या शतकात विविध ज्ञानवादी गट बायबलच्याच वचनांच्या आधारे आपली मते मांडू लागले. त्यांना उत्तर देताना ल्योंचा बिशप इरेनियस याने सुमारे इ.स. १८० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात एक दृष्टान्त दिला. कुशल कारागिराने रत्ने जडवून घडवलेले राजाचे चित्र कोणी मोडावे आणि तीच रत्ने वापरून कोल्ह्याचे चित्र मांडून तेच राजाचे चित्र असल्याचे सांगावे, तसे हे गट करतात, असे त्याचे म्हणणे होते. वचने खरी असूनही मांडणी खोटी असू शकते. म्हणून प्रेषितांपासून मंडळ्यांत चालत आलेला ‘विश्वासाचा नियम’ अर्थ ठरवताना मार्गदर्शक मानावा, असे त्याने प्रतिपादन केले.

हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने ‘दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना’ हा चार खंडांचा ग्रंथ इ.स. ३९६च्या सुमारास सुरू करून आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पूर्ण केला. पहिल्या तीन खंडांत अर्थ कसा शोधावा व चौथ्यात तो कसा सांगावा, याची चर्चा आहे. देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीती ज्या अर्थाने वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र समजलेलेच नाही, अशी कसोटी त्याने घालून दिली. योहान क्रिसोस्तम याने मात्र शास्त्रवाचन हे केवळ संन्याशांचे काम आहे ही समजूत खोडून काढत संसारी श्रोत्यांना घरी ग्रंथ वाचण्याचा आग्रह केला. लेरँचा व्हिन्सेंट याने इ.स. ४३४ मध्ये सर्वत्र, सर्वकाळ व सर्वांनी मानलेले तेच ग्राह्य धरावे असे सूत्र मांडले. पोप पहिला ग्रेगरी याने सुमारे इ.स. ५९० मध्ये पाळकांच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वैद्यकी न शिकता कोणी वैद्य म्हणवून घेत नाही, मग त्याहून सूक्ष्म अशी आत्म्याची चिकित्सा न शिकता लोक कसे करू धजतात, असा प्रश्न त्याने विचारला.

मध्ययुग

पश्चिम युरोपात शास्त्राचे वाचन लॅटिनमध्ये होत असे आणि साक्षरता मुख्यतः धर्मगुरूंपुरती मर्यादित होती. शास्त्राचे शब्दार्थ, रूपकार्थ, नीतिपर अर्थ व परलोकपर अर्थ असे चार स्तर मानले जात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ल्यों येथील वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याने बायबलच्या काही भागांचे लोकभाषेत भाषांतर करवून घेतले व त्याचे अनुयायी रस्तोरस्ती उपदेश करू लागले. धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय उपदेश करू नये, ही अट त्यांनी न पाळल्यामुळे त्यांना बहिष्कृत करण्यात आले. इ.स. १२२९च्या तुलूझ येथील धर्मसभेने सामान्य लोकांना लोकभाषेतील बायबल बाळगण्यास मनाई केली. इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या भाषांतरानंतर कँटरबरीचा आर्चबिशप ॲरंडेल याने काढलेल्या नियमांनी विनापरवाना भाषांतर व उपदेश यांवर बंदी घातली. चुकीच्या अर्थापासून लोकांचे रक्षण करणे हे या निर्बंधांमागचे सांगितलेले कारण होते; प्रत्यक्षात शिकवणाऱ्यांचे म्हणणे पडताळून पाहण्याचे साधनच त्यामुळे लोकांच्या हाती राहिले नाही.

धर्मसुधारणा चळवळ

मार्टिन ल्यूथर याने इ.स. १५२० मध्ये जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पत्रकात, शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ पोपला आहे हा दावा रोमने आपल्या संरक्षणासाठी उभारलेल्या तीन भिंतींपैकी एक असल्याचे म्हटले. इ.स. १५२२ मध्ये त्याचा जर्मन नवा करार आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. इ.स. १५२३च्या एका पुस्तिकेत त्याने ख्रिस्ती मंडळीला सर्व शिकवणीचा न्याय करण्याचा आणि शिक्षकांना नेमण्याचा व काढून टाकण्याचा हक्क आहे, असे प्रतिपादन केले. मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन त्याचा आधार होते.

या विचाराचे पडसाद लवकरच उमटले. इ.स. १५२५ मध्ये बंडखोर जर्मन शेतकऱ्यांनी मांडलेल्या बारा मागण्यांपैकी पहिली मागणी आपला पाळक आपण निवडण्याची व अयोग्य ठरल्यास त्याला दूर करण्याची होती. आपली एखादी मागणी शास्त्राच्या विरुद्ध असल्याचे दाखवून दिल्यास ती मागे घेऊ, असे शेवटच्या कलमात म्हटले होते. ल्यूथरने मात्र या बंडाला विरोध केला आणि बंड निर्दयपणे चिरडले गेले. शास्त्र सर्वांसाठी खुले झाले तरी त्याचा अर्थ एकच निघत नाही, हेही याच काळात स्पष्ट झाले. इ.स. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर व उलरिख झ्विंग्ली यांची भेट झाली. बहुतेक मुद्द्यांवर एकमत होऊनही प्रभुभोजनातील ख्रिस्ताच्या शब्दांचा अर्थ कसा घ्यावा यावर दोघांत तडजोड होऊ शकली नाही.

सॅक्सनीतील मंडळ्यांच्या पाहणीत खेडोपाडीच्या लोकांचे आणि अनेक पाळकांचेही अज्ञान पाहून ल्यूथरने इ.स. १५२९ मध्ये दोन प्रश्नोत्तरावल्या लिहिल्या. झुरिक येथे १५२५ पासून मूळ भाषांतील शास्त्राचा सामूहिक अभ्यास सुरू झाला. जिनिव्हात पाळक दर आठवड्याला एकत्र येऊन आळीपाळीने उताऱ्याचे विवरण करीत आणि सहकारी त्यावर टिप्पणी करीत. एकट्याच्या अर्थावर विसंबू नये, ही त्यामागील भूमिका होती.

त्रेंतची परिषद

रोमन कॅथलिक ख्रिस्तसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी त्रेंतच्या परिषदेत ठराव केला, की श्रद्धा व नीती यांच्या बाबतीत ख्रिस्तसभेने मानलेल्या अर्थाविरुद्ध किंवा धर्मपित्यांच्या एकमताविरुद्ध कोणीही स्वतःच्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावू नये. त्याच परिषदेने धर्मगुरूंच्या अज्ञानावरील तक्रारींची दखल घेऊन इ.स. १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात गुरुविद्यालय स्थापन करण्याचा आदेश दिला. धर्मगुरूंच्या पद्धतशीर शिक्षणाचा आजचा ढाचा त्यातून उभा राहिला.

प्रमुख संप्रदायांच्या भूमिका

रोमन कॅथलिक

कॅथलिक मतानुसार पवित्र शास्त्र व पवित्र परंपरा यांचा अधिकृत अर्थ सांगण्याचे काम पोप व त्याच्याशी ऐक्यात असलेले बिशप यांच्या अध्यापनाधिकाराकडे सोपवलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात हा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याचा सेवक असल्याचे स्पष्ट केले. लेखकाचा हेतू, त्याचा काळ व साहित्यप्रकार लक्षात घेऊन अर्थ लावावा, असेही त्यात म्हटले आहे. सर्व श्रद्धावंतांनी बायबलचे वारंवार वाचन करावे, असा आग्रह याच दस्तऐवजाने धरल्यामुळे कॅथलिक समाजात बायबलवाचनाला मोठी चालना मिळाली. मिस्सामधील प्रवचन मात्र धर्मगुरू किंवा उपयाजक यांच्यासाठीच राखून ठेवलेले आहे.

ऑर्थोडॉक्स

ऑर्थोडॉक्स परंपरेत शास्त्र हे ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेचाच भाग मानले जाते. इ.स. ६९२च्या त्रुल्लो येथील परिषदेच्या एकोणिसाव्या नियमानुसार मंडळीच्या प्रमुखांनी दररोज व विशेषतः रविवारी लोकांना शिकवावे आणि वादाच्या प्रसंगी स्वतःची रचना पुढे करण्याऐवजी धर्मपित्यांच्या विवरणाला अनुसरावे. एका व्यक्तीपेक्षा सार्वत्रिक परिषदा आणि संपूर्ण मंडळीची संमती यांना येथे अधिक महत्त्व आहे.

प्रोटेस्टंट

इ.स. १६४६च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारानुसार शास्त्रातील सर्व गोष्टी सारख्याच स्पष्ट नाहीत. परंतु तारणासाठी आवश्यक तेवढ्या गोष्टी विद्वानांना व अविद्वानांनाही योग्य साधनांच्या साहाय्याने समजू शकतात. धर्मपरिषदाही चुकू शकतात, असे त्यात मान्य केलेले आहे. अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांत मंडळीला श्रद्धाविषयक वादांत अधिकार दिला असला, तरी शास्त्राशी विसंगत असे काही ठरवण्यास मनाई केली आहे. जर्मनीत फिलिप याकोब श्पेनर याने इ.स. १६७५च्या ‘पिया देसिदेरिया’ या ग्रंथातून सामान्य भाविकांनी छोट्या गटांत बायबलचा अभ्यास करावा आणि पाळकांची निवड केवळ विद्वत्तेवर न करता आचरणही पाहावे, असा पुरस्कार केला. अनेक स्वतंत्र व पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बिशप किंवा वरिष्ठ सभा नसते. तेथे पाळकाच्या शिकवणीवर देखरेख ठेवण्याचे काम स्थानिक वडिलांवर किंवा थेट मंडळीवर येते.

उत्तरदायित्वाच्या यंत्रणा

पाळकाची शिकवण योग्य राहावी यासाठी वेगवेगळ्या संप्रदायांनी निरनिराळ्या व्यवस्था केल्या आहेत. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण, दीक्षेपूर्वीची परीक्षा, विश्वासांगीकाराला दिलेली लेखी संमती, बिशपची देखरेख, प्रेस्बिटेरियन पद्धतीतील श्रेणीबद्ध सभा आणि मंडळीच्या घटनेतील शिस्तविषयक तरतुदी ही त्यांची प्रमुख रूपे आहेत. अनेक संप्रदायांत रविवारच्या वाचनांचा वार्षिक किंवा बहुवार्षिक क्रम ठरलेला असतो. त्यामुळे उपदेशकाला केवळ आपल्या आवडीचे उतारे निवडता येत नाहीत आणि श्रोत्यांसमोर शास्त्राचा विस्तृत भाग येतो.

या यंत्रणांच्या मर्यादाही आहेत. आरोपी पाळक आणि चौकशी करणारे एकाच वर्तुळातील असल्यास चौकशी पक्षपाती होऊ शकते. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्याविषयीची वचने टीका दडपण्यासाठी वापरली जातात, अशीही तक्रार केली जाते. अशा वेळी त्याच वचनातील हिशेब देण्याचा भाग गाळला जातो, याकडे समीक्षक लक्ष वेधतात.

सदोष अर्थविवरणाची ऐतिहासिक उदाहरणे

दानिएलाच्या पुस्तकातील कालगणनेवरून अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकरी-उपदेशकाने ख्रिस्ताचे पुनरागमन नजीक असल्याचे जाहीर केले. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातील पीकही कापले नाही. तो दिवस नेहमीसारखाच उजाडून मावळला आणि ही घटना इतिहासात ‘महान निराशा’ या नावाने नोंदली गेली. मिलरने आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील नोहाच्या शापाचा आधार घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेतील अनेक उपदेशकांनी कृष्णवर्णीयांची गुलामगिरी समर्थनीय ठरवली. मूळ कथेत शाप हामाला नसून कनानाला दिलेला आहे आणि त्यात वर्णाचा उल्लेखही नाही. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस याने इ.स. १८४५च्या आत्मकथनात ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर असल्याचे मांडले. गुलाममालकांच्या मिशनरी म्हणून नेमणुकीच्या वादातून त्याच वर्षी स्थापन झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने या भूमिकेबद्दल इ.स. १९९५ मध्ये जाहीर माफी मागितली.

दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चने इ.स. १९७४च्या अहवालात बाबेलच्या बुरुजाच्या कथेसह काही उताऱ्यांच्या आधारे वंशांच्या पृथक विकासाचे समर्थन केले होते. याच चर्चचे पाळक बेयर्स नौदे यांनी शास्त्राचा स्वतंत्र अभ्यास करून वर्णद्वेषाला विरोध केला आणि त्यापायी १९६३ मध्ये त्यांना आपले पाळकपद सोडावे लागले. इ.स. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णद्वेषाचे ईश्वरशास्त्रीय समर्थन पाखंड असल्याचे घोषित केले. १९८६ पासून डच रिफॉर्म्ड चर्चनेही आपली भूमिका बदलण्यास आरंभ केला. एका चर्चची चूक तिच्यातीलच एका पाळकाने व इतर देशांतील मंडळ्यांनी दाखवून दिल्याचे हे उदाहरण असल्यामुळे ते अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते.

टेक्सासमधील वेकोजवळ डेव्हिड कोरेश या पंथप्रमुखाने प्रकटीकरणातील सात शिक्क्यांचा अर्थ केवळ आपणच उलगडू शकतो, असा दावा केला होता. सरकारी यंत्रणांनी दिलेला ५१ दिवसांचा वेढा १९ एप्रिल १९९३ रोजी आगीत संपला आणि मुलांसह सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अर्थ सांगण्याची मक्तेदारी एका व्यक्तीकडे गेल्यास काय होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण म्हणून ही घटना सांगितली जाते. सरकारी कारवाईच्या पद्धतीवरही पुढे तीव्र टीका झाली.

मराठी ख्रिस्ती परंपरा

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात बायबलची कथा गुरू व श्रोते यांच्या प्रश्नोत्तरांच्या आधाराने सांगितलेली आहे. तत्कालीन स्थानिक ख्रिस्ती लोकांना बायबल स्वभाषेत उपलब्ध नसल्यामुळे शास्त्राची ओळख त्यांना अशा विवरणातूनच होत असे. पुढे श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार इ.स. १८११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकाला ग्रंथ स्वतः पडताळून पाहण्याचा मार्ग खुला झाला.

पंडिता रमाबाई यांचा इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन व इतर अँग्लिकन मार्गदर्शकांशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्रैक्य व चर्चचा अधिकार यांविषयी शंका उपस्थित करून, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याच्या अधीन होण्यास त्यांनी नकार दिला. शास्त्र वाचून आपल्या सदसद्विवेकबुद्धीने निर्णय घेण्याचा हक्क त्यांनी आग्रहाने मांडला. पुढे त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. इ.स. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि केडगाव येथील मुक्ती मिशनच्या छापखान्यातून हे भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही मध्यस्थाविना शास्त्र समजावे, हा त्यांचा हेतू होता.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा इ.स. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. परदेशी मिशनऱ्यांवर अवलंबून राहण्याची वृत्ती सोडून भारतीय ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ताचे दर्शन आपल्या भाषेत व परंपरेत घ्यावे, असे त्यांचे मत होते. इ.स. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे अलीकडचे उल्लेखनीय कार्य आहे. ते २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठ, युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र या संस्थांत धर्मगुरू, पाळक व शिक्षक यांना बायबल-अध्ययनाचे शिक्षण दिले जाते.

चर्चा व मतभेद

अध्यापनाधिकाराचे समर्थक असे म्हणतात, की प्रत्येकाने स्वतंत्र अर्थ लावल्यास मंडळ्यांचे विभाजन अटळ ठरते, आणि प्रोटेस्टंट संप्रदायांची वाढलेली संख्या हा त्याचा पुरावा आहे. त्यावर प्रोटेस्टंट अभ्यासकांचे उत्तर असे, की अधिकृत अर्थ सांगणारी यंत्रणाही चुकू शकते, आणि तिच्याबाहेर कसोटी शिल्लक नसेल तर ती चूक दुरुस्त होण्यास शतके लागतात. शास्त्र एकट्याने वाचणे आणि शास्त्राला अंतिम प्रमाण मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असेही अनेक प्रोटेस्टंट विचारवंत स्पष्ट करतात. ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी स्वतः धर्मपित्यांचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले होते.

विश्वास आणि पारख यांतील संबंधाबाबतही वेगवेगळी मते आहेत. मूळ भाषा, इतिहास व हस्तलिखिते यांचे ज्ञान प्रत्येक भाविकाला मिळवणे शक्य नसल्याने शिक्षकावर काही प्रमाणात विसंबणे अपरिहार्य असते. मात्र हा विश्वास आंधळा नसावा. शिक्षकाने आपल्या अर्थाचा आधार उघड करावा, पर्यायी अर्थ असल्यास सांगावेत आणि चूक लक्षात आल्यास ती मान्य करावी, अशी अपेक्षा अर्थनिर्णयशास्त्राचे अभ्यासक व्यक्त करतात. भाविकाची जबाबदारी कोठे संपते, हा प्रश्न यातूनच निर्माण होतो. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यास दोघेही खड्ड्यात पडतात, या मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तावरून अनुयायीही पूर्णपणे दोषमुक्त नाही, असे काही भाष्यकार मानतात. इतर भाष्यकार, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याविषयी ख्रिस्ताने उच्चारलेल्या कठोर शब्दांकडे बोट दाखवून मुख्य भार शिकवणाऱ्यावरच टाकतात.